स्की-भ्रमणाचे बूट
स्कीच्या साहाय्याने हिमाच्छादित पर्वतउतार चढून पुन्हा घसरत उतरताना वापरावयाची पादत्राणे. चढताना घोटा मोकळेपणी वळावा व उतरताना पाय पक्का आवळला जावा, अशी दुहेरी गरज त्यांनी भागवावी लागते. त्यासाठी प्लॅस्टिकचे कठीण बाह्य कवच, आत उष्णतारोधक मऊ अस्तर-बूट आणि पोटरीचा भाग मोकळा वा पक्का करणारी कळ अशी त्यांची रचना असते. भारतात गुलमर्ग व औली येथे स्कीइंग चालते. पन्हाळा–विशाळगडसारख्या सह्याद्रीतील वाटांवर पुरेसे ठरणारे हलके बूट तेथील थंडीत निरुपयोगी होत.

निवड : दिवसभरात पाय किंचित सुजतात, म्हणून बूट सायंकाळी घालून पाहावेत. टाच न उचलता बोटे हलविता आली पाहिजेत. घट्ट बुटात जादा मोजे घातल्यास रक्ताभिसरण मंदावून पाय अधिक गारठतात. लोकरीचा एकच मोजा इष्ट. सुती मोजा घामाने ओला राहतो.

वापर : चढताना बंद सैल ठेवून उतरण्यापूर्वी आवळावेत. रात्री अस्तर-बूट काढून सुकवावेत. बोटे बधिर झाल्यास तत्काळ थांबून बंद सैल करावेत व ऊब द्यावी. बर्फाने चोळल्यास ऊतकांना इजा होते. गोठलेला भाग पुन्हा गोठण्याचा संभव असल्यास तो वितळवू नये. १९५० मध्ये अन्नपूर्णा शिखर प्रथम सर करणाऱ्या मोरीस एर्झॉग व लुई लाशनाल या फ्रेंच गिर्यारोहकांना हिमदंशामुळे पायांची सर्व बोटे गमवावी लागली.