दम सायकलीचा, बळ ओझ्याचे

चाळिशी उलटलेल्या गृहस्थाला पाटावरून उठताना एकदा नीट पाहावे. एक हात गुडघ्यावर, दुसरा भिंतीवर आणि तोंडाने "आई गं!" डोळ्यांना चष्मा, दातांना डॉक्टर, केसांना कलप अशी सर्वांची आपण वेळेवर वास्तपुस्त करतो. मात्र ज्यांच्यावर ही सारी इमारत उभी, त्या पायांची आठवण होते ती ते कुरकुरू लागल्यावरच. मग कुणीतरी सांगतो, "सायकल मारा!" आणि एके दिवशी घरात जागच्या जागी फिरणारी सायकल येऊन दाखल होते. पहिले पंधरा दिवस मंडळी पाळीपाळीने तिच्यावर बसतात. सोळाव्या दिवशी तिच्यावर टॉवेल वाळत पडतो.

टॉवेलवाल्यांविषयी मला काही म्हणावयाचे नाही. माझा प्रश्न आहे तो रोज अर्धा तास इमानाने पायडल मारणाऱ्या सद्गृहस्थाचा. वर्षभरात त्याचा दम वाढतो, जिना चढताना धाप लागत नाही, डॉक्टरही खूश असतात. पण पाटावरून उठताना हात गुडघ्यावर तो गुडघ्यावरच! असे का व्हावे?

त्याचे कारण साधे हिशेबाचे आहे. मिनिटाला साठ फेरे धरले तरी अर्ध्या तासात प्रत्येक पाय अठराशे वेळा पायडल दाबतो. जी गोष्ट माणूस सलग अठराशे वेळा करू शकतो, ती जड कशी असेल? अशा हलक्या, दीर्घ कामाने हृदय आणि फुप्फुसे तरबेज होतात. स्नायूंतले सावकाश चालणारे, न थकणारे तंतूही तयार होतात. पण स्नायूंत दुसऱ्या जातीचे तंतू असतात. ते जोरकस, पण लवकर दमणारे. शरीर मोठे काटकसरी आहे. जड काम पडल्याखेरीज ते या तंतूंना हाकच मारीत नाही. आणि वाढत्या वयात आधी झिजतात ते नेमके हेच. तेव्हा दम निराळा आणि बळ निराळे.

गोंदिया शहराला लागून असलेल्या आमच्या मुर्रीकडे तर हे अधिकच पटते. हा सारा भाताचा मुलूख. बांधीत पाणी उभे राहावयाचे तर जमीन सपाटच हवी. त्यामुळे इथे सायकलस्वाराला ना चढ, ना उतार. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. आमच्याकडच्या राजाला एखाद्या पुलाच्या चढावर समाधान मानावे लागेल! पण त्याच सपाट रस्त्याने सायकलवरून भातगिरणीत कामाला जाणारा हमाल पाहा. सायकल त्याला दम देते आणि पाठीवरचे पोते पायांत बळ भरते. आषाढ-श्रावणात दिवसदिवस चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाईचे पायही असेच कसाला लागलेले असतात. अर्थात या कष्टांचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. पोत्याला माप नसते आणि विश्रांतीला वार नसतो. त्यापायी कित्येकांच्या कमरा आणि गुडघे अकाली जातात. आपण शहरी माणसांनी मात्र सायकल तेवढी घरात आणली आणि पोते बाहेरच ठेवले.

नुसती सायकल पुरत नाही, याचा पुरावा फार लांबून, थेट अंतराळातून आला आहे. १९७३ साली अमेरिकेने स्कायलॅब नावाचे घर पृथ्वीभोवती फिरत ठेवले. (पुढे १९७९ साली ते कोसळणार म्हणून आपल्याकडेही केवढी घबराट उडाली होती, ते वडीलधाऱ्यांना आठवत असेल.) तेथे वजन म्हणून नसते, पाय शरीराला उचलीत नाहीत, नुसते तरंगतात. मे १९७३ मध्ये पहिले तिघे अंतराळवीर २८ दिवसांसाठी गेले. व्यायामाला सोबत होती ती एक स्थिर सायकल. ती त्यांनी चालवली. पण परत आल्यावर मोजमाप झाले, तेव्हा गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंची ताकद सुमारे पाव हिश्शाने घटलेली निघाली. दुसरी तुकडी ५९ दिवस राहिली. तिला ओढावयाची दोरी-स्प्रिंगची साधने दिली. तिसरी तुकडी ८४ दिवस राहिली. तिच्यासाठी आणखी एक युक्ती केली. गुळगुळीत पत्र्यावर उभे राहावयाचे, अंगाला रबरी दोऱ्यांनी खाली ताणून धरावयाचे आणि त्या ओढीविरुद्ध पावले टाकावयाची. म्हणजे हरवलेले ओझेच पुन्हा पायांवर लादले! गंमत अशी की ही मंडळी पहिल्यांच्या तिप्पट दिवस राहिली, व्यायामही अधिक केला आणि पायांचे बळ मात्र त्यांनी पहिल्यांहून कमी गमावले. पुढे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही सायकलीच्या जोडीला चालण्याचा पट्टा आणि जड ओढ देणारे यंत्र आले.

मग दोन्ही व्यायाम एकत्र केल्यास एक दुसऱ्याच्या आड येतो की काय? अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन या संशोधकाने याची परीक्षा घेऊन १९८० साली निष्कर्ष छापला. दहा आठवडे काहींनी नुसती वजने उचलली, काहींनी नुसता दमाचा व्यायाम केला, काहींनी दोन्ही. दोन्ही करणाऱ्यांची ताकद सात-आठ आठवडे वाढली आणि नंतर घसरू लागली. पण वजने आठवड्यातून पाच दिवस आणि दमाचा व्यायाम सहा दिवस, असा तो जंगी कार्यक्रम होता! बँकेतून दमून येणाऱ्या माणसाने एवढ्याने बिचकण्याचे कारण नाही. शिवाय पुढच्या अभ्यासांत असे दिसले, की धावण्यापेक्षा सायकल बळाच्या आड कमी येते.

आमच्या आखाड्यांना हा भेद केव्हाच कळला होता. १९१४ साली अमरावतीस वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले. तेव्हापासून कसरत म्हटली की वऱ्हाडात पहिली आठवण त्याचीच निघते. बैठकच घ्या. नवशिक्याला वीस बैठका म्हणजे बळाची परीक्षा. दोनशे मारणाऱ्याला तीच नुसती दमाची. मग त्याच्या खांद्यावर एखादा पोरगा बसवावा लागतो.

"आता या वयात काय?" हा आक्षेप घरोघरी ऐकू येतो. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजने उचलावयास लावले. नऊ जण अखेरपर्यंत टिकले. त्यांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. हे १९९० साली प्रसिद्ध झाले. तेव्हा आजी नको म्हणाल्या तरी आपण आग्रह करावा.

आता घरच्या घरी करावयाचे ते सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम दमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम सांगितला. सायकलीची बैठक अशी असावी की पायडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. गती अशी की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. बळासाठी पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून खुर्चीवरून हात न टेकता उठावे, सावकाश बसावे. आठ ते बारा वेळा. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत, नाहीतर पिशवी हलकी आहे असे समजावे. थोडे थांबून असे तीनदा. पायरीवर चढ-उतर, टाचा उचलणे, उताणे पडून कंबर उचलणे हेही जोडीला घ्यावे. श्वास कोंडू नये. त्याने रक्तदाब चढतो. दोन्ही एकाच दिवशी करावयाचे तर आधी ओझे, मग सायकल. आणि ओझ्याच्या दोन दिवसांत एक तरी दिवस मोकळा ठेवावा. हृदयविकार, रक्तदाब किंवा गुडघ्याचे जुने दुखणे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

पहिल्या आठवड्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या ठणकतील, जिना उतरताना कठडा धरावा लागेल. "अहो, कशाला हे नसते उद्योग?" असे घरातून ऐकावेही लागेल. मांड्यांचा तो ठणका दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरतो. सांध्यातच कळ निघत असेल, तर मात्र पिशवी खाली ठेवावी.