निमंत्रणपत्रिकेची इंग्रजी कशी झाली?

गेल्या स्नेहसंमेलनाची गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. बिरसाच्या एका पालकांनी निमंत्रणपत्रिकेचा मजकूर घरच्या संगणकावर शुद्ध मराठीत टाइप करून पेनड्राइव्हवर दिला. छपाईच्या दुकानात फाइल उघडली, तर ‘बिरसा’च्या जागी एफ, सी, जे, एल, के ही इंग्रजी अक्षरे! व्हायरस आला, असेच सगळ्यांना वाटले. शेवटी मजकूर फोनवरून सांगितला. त्या घाईत सत्कारमूर्ती आजोबांच्या आडनावातल्या ‘ळ’चा ‘ल’ झाला आणि तसाच छापला गेला. आजोबा काही बोलले नाहीत, पण पत्रिका घडी करून खिशात ठेवली.

व्हायरस वगैरे काही नव्हता. मजकूर कृतिदेव फाँटमध्ये होता. आपल्याकडच्या टायपिंगच्या दुकानांत हा फाँट अजून चालतो, कारण त्याची कळफलक-रचना जुन्या हिंदी टाइपरायटरची आहे. पण त्यात संगणकाच्या पोटात मराठी अक्षर नसतेच. एफ हे इंग्रजी अक्षरच साठवले जाते; फाँट त्याला फक्त ऱ्हस्व वेलांटीचा मुखवटा चढवतो. दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसला की मुखवटा गळतो. राग येतो तो याचा, की संगणक ‘हा फाँट माझ्याकडे नाही’ एवढे एक वाक्यही बोलत नाही. गुपचूप दुसरा फाँट लावून मोकळा होतो. छापील कागद खराब निघाला तर निदान कारण दिसते.

युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. ही सोय १९९१ पासून आहे. विंडोज २००० मध्ये त्यासाठी मंगल हा फाँटही आला. तरी विंडोज एक्सपीमध्ये मराठी नीट दिसायला एका खिडकीत खूण करून मूळ सीडी घालावी लागे. सीडी कुणाकडे असायची? म्हणून लोक कृतिदेवलाच चिकटून राहिले.

आता विंडोज १० किंवा ११ मध्ये सेटिंग्जमधल्या भाषांच्या यादीत जाऊन ‘मराठी’ जोडा. विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. इनस्क्रिप्ट कळफलकात शिफ्ट आणि एन दाबले की ‘ळ’, शिफ्ट आणि जे दाबले की ‘ऱ’. हा ‘ऱ’ लक्षात ठेवाच, नाहीतर जेवणाच्या यादीत ‘आचाऱ्यांना’ मजुरीऐवजी ‘आचार्यांना’ मजुरी द्यावी लागेल!

छपाईला देताना फाइल पीडीएफ करून द्या. तिच्यात फाँट सोबत जातो. दर दोन ओळींनंतर कंट्रोल-एस दाबा. लाइट विचारून जात नाही.

कृतिदेवमधला जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलता येतो, पण वेलांट्या आणि रफार सरकतात. आपल्या वार्तापत्राचे जुने अंक असे बदलायचे आहेत. बदललेली प्रत छापील अंकाशी ताडून पाहायला दोन-तीन पालक हवे आहेत. नावे आधी तपासू.