गधेगाळ : दानभूमीची सीमा आणि मराठी शापवचन

देवस्थानास किंवा अन्य धर्मकार्यास दिलेल्या भूमीच्या रक्षणासाठी शिलाहार व यादव काळात उभारलेल्या शापशिळांना ‘गधेगाळ’ म्हणतात. ‘गाळ’ म्हणजे शिवी. शिळेच्या माथ्यावर बहुधा चंद्र-सूर्य असतात. ते आहेत तोवर दान टिकावे, हा त्यांचा संकेत. त्याखाली गाढव व स्त्री यांचे समागमशिल्प असते. काही शिळांवर दानलेखही आढळतो.

शिलाहार राजा अपरादित्य याचा परळ येथील इ. स. ११८७ चा शिलालेख या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यातील दानाचा मजकूर संस्कृतात, तर अखेरचे शापवचन मराठीत आहे. दानास प्रतिष्ठा संस्कृताने दिली. परंतु भूमी बळकावू पाहणाऱ्यास धाक घालावयाचा, तर त्याला कळणारी भाषाच हवी होती. निरक्षरासाठी शिल्प होतेच.

मात्र या शापाचे लक्ष्य अपहार करणारा पुरुष नसून त्याची आई आहे. देवभूमीचे पावित्र्य राखण्यासाठी स्त्रीदेहाच्या विटंबनेचा आधार घेतला गेला, ही विसंगती दुर्लक्षिता येत नाही. तथापि केवळ अश्लील म्हणून हे वचन वगळल्यास लोकभाषेचा राजशासनातील प्रवेशच दृष्टीआड होतो.