रमजानात दुबई-मस्कतला जावं का?

मुलगा मस्कतला, लेक दुबईला, भाचा कुवेतला, अशी घरं डिचोली तालुक्यात शोधावी लागत नाहीत. कारापूर, सर्वण, सांखळी, तिकडे थेट पेडण्यापर्यंत कुठेही चौकशी करा. जानेवारी २०२३मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि आखात आणखी जवळ आलं. ‘एकदा येऊन जा’ असा मुलांचा आग्रह असतो, आईवडिलांचे पासपोर्ट तयार असतात. एवढ्यात कोणीतरी सांगतं, ‘‘रमजान लागतोय, आता नका जाऊ. घोटभर पाणीसुद्धा मिळणार नाही.’’ झालं, बेत पुढच्या वर्षावर.

सल्ला चांगल्या मनानं दिलेला असतो, पण बराचसा चुकीचा असतो. शिवाय तो ऐकला तर हाती मोसमच उरत नाही. चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी तेवढाच मागे सरकतो. २०१५ साली तो ऐन जून-जुलैत आला होता. २०२६ साली अमिरातीत तो १८ फेब्रुवारीला सुरू झाला, आणि आता काही वर्षं तो थंडीतच येणार आहे. म्हणजे नेमका आखातात हिंडण्याफिरण्याच्या दिवसांत.

पाहुण्यालाही रोजा धरावा लागतो, ही सगळ्यात मोठी धास्ती. बिगरमुस्लिम पर्यटकावर अशी सक्ती नाही. कायद्याचा संबंध येतो तो उघड्यावर खाण्यापिण्याशी, आणि तिथे प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. ओमानच्या २०१८च्या दंडसंहितेतलं कलम २७७ कडक आहे: रमजानात दिवसा सार्वजनिक जागी खाल्लं-प्यायलं तर दहा दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत कैद. कुवेतमध्ये १९६८च्या कायद्यानुसार शंभर दिनारपर्यंत दंड, महिनाभरापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. याउलट तुर्कस्तानात असा कायदाच नाही. इस्तंबूलमध्ये भरदुपारी चहा पीत बसलेली माणसं दिसतात. मोरोक्कोच्या दंडसंहितेतलं कलम फक्त मुस्लिमांना लागू आहे. त्यामुळे ‘मुस्लिम देशात असं असतं’ हे वाक्यच मुळात सोडून द्यायला हवं. आपण कुठे चाललो आहोत ते पाहून नियम विचारावा.

दुबई तर आता पुष्कळ मोकळी झाली आहे. पूर्वी तिथल्या उपाहारगृहांना दिवसा दर्शनी भाग पडद्यानं झाकावा लागे. २०२१ साली ती सक्ती उठली. मॉलमधली खाण्याची दालनं दिवसा चालू असतात. तिथून गाडीनं अर्ध्या तासावरच्या शारजात मात्र दिवसा खाद्यपदार्थ विकायला नगरपालिकेचा खास परवाना लागतो.

मस्कतमध्ये दिवसा बहुतेक हॉटेलांची दारं बंद दिसतील, हे खरं. पण राहत्या हॉटेलात पाहुण्यांना नाश्ता-जेवण मिळतं, सुपरमार्केट उघडी असतात, आणि मुलाच्या घरी तर स्वयंपाकघर आपलंच. जपायचं ते बाहेर पडल्यावर. मत्रा बंदराच्या काठानं फिरताना पाण्याची बाटली तोंडाला लावू नये, सिगारेट ओढू नये, च्युइंगगमही चघळू नये. गाडीत बसून खाल्लेलंही उघड्यावरच धरलं जातं. सिग्नलला काच बंद असली तरी आतलं बाहेर दिसतंच. मधुमेह असलेल्या आईवडिलांची काळजी वेगळी. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून गोळ्यांच्या आणि खाण्याच्या वेळा आखाव्यात, लांबचं फिरणं सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर ठेवावं, आणि मधे काही घ्यावं लागलं तर आडोशाला बसून घ्यावं.

आजाऱ्यानं खाल्लं म्हणून रोजेदार खवळतील, ही भीती मात्र अनाठायी आहे. रोजातून आजाऱ्याला आणि प्रवाशाला खुद्द कुराणानंच मोकळीक दिली आहे. राहिलेले रोजे नंतर भरून काढता येतात. गरोदर बायकांना सवलत आहे, लहान मुलांवर तर रोजा नाहीच. कारापुरातल्या विठ्ठलापूरला आषाढीचा कडक उपास करणारी बाई घरी आलेल्या पाहुण्याला पोटभर वाढते, तिचा उपास त्यानं मोडत नाही. आखातातल्या घरांतही असंच असतं. पाहुण्यापुढे दुपारी ताट येतं आणि यजमान शेजारी बसून गप्पा मारतो. मग पाहुण्यालाच घास घेताना संकोच वाटतो, आणि तो वाटणं काही वाईट नाही.

अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार रमजानात खाजगी कंपन्यांमध्ये रोजचं काम दोन तासांनी कमी होतं, आणि तेही सगळ्या धर्मांच्या कामगारांसाठी. ओमानमध्ये मुस्लिम कामगारांचा दिवस सहा तासांचा होतो. त्यामुळे दुपार सुस्त जाते आणि बघणाऱ्याला शहर झोपल्यासारखं वाटतं. पण रमजानातलं शहर जागं होतं ते रात्री. सूर्यास्ताला दुबईत पोलिसांची तोफ धडाडते, खजूर आणि पाण्यानं रोजा सुटतो, मग मोठी नमाज होते आणि त्यानंतर बाजार मध्यरात्रीच्याही पुढे फुललेले असतात. ओमानमध्ये महिन्याच्या मध्यावर ‘करनकशो’ असतो. मुलं गाणी म्हणत दारोदार फिरतात आणि खाऊ गोळा करतात. दुपारी हॉटेलं बंद पाहून जो पर्यटक चिडून खोलीत झोपून राहिला, त्याचं हे सगळं चुकलं.

सूर्यास्ताआधीचा तास मात्र रस्त्यावर घालवू नये. सगळ्यांना घर गाठायचं असतं, गाड्या वेगात असतात, आणि त्या वेळी टॅक्सी मिळणं अवघड.

इफ्तारला परक्यांनी जाऊ नये, असंही आपल्याकडे मानतात. दुबईत १९९८ साली स्थापन झालेलं शेख मोहम्मद सांस्कृतिक सामंजस्य केंद्र पाहुण्यांना पंगतीला बसवून इफ्तार घडवतं आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतं. जेबेल अलीच्या गुरुद्वाऱ्यातही इफ्तार झाले आहेत. शाकाहारी माणसानं तेवढं विचारून घ्यावं: हरीसमध्ये गव्हाबरोबर मांस शिजवलेलं असतं, समोशातही खिमा असू शकतो. खजुराच्या पाकातले तळलेले लुकैमात निर्धास्त खावेत.

पेहरावाबद्दल थोडक्यात: डोकं झाकायचं ते मशिदीत. एरवी खांदे आणि गुडघे झाकलेले असले म्हणजे पुरे, साडी किंवा सलवार-कमीज उत्तमच. दारूचं म्हणाल तर दुबईच्या हॉटेलांत ती मिळते, कतारमध्ये रमजानात हॉटेलं देत नाहीत, आणि कुवेत किंवा शारजात ती बाराही महिने बंद.

तिकीट काढताना भारतातलं कॅलेंडर बघून फसू नये. आखातात चंद्र बहुधा आपल्या आदल्या दिवशी दिसतो, आणि महिना २९ दिवसांचा की ३० दिवसांचा, हे शेवटच्या संध्याकाळीच ठरतं. ईदच्या सुट्टीत सरकारी कचेऱ्या बंद, हॉटेलं महाग आणि विमानं भरलेली. म्हणून परतीचा दिवस ईदच्या आधी चार-पाच दिवस धरलेला बरा. आणि २०३०चा बेत आखणाऱ्यांनी नोंद घ्यावी: त्या वर्षी रमजान दोनदा लागणार आहे, एकदा जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस.