नेचे, त्यांचे अभ्यासक आणि आपला कापूस

पावसाळ्यांत जुन्या बारवेच्या पायऱ्या उतरूं लागलें म्हणजे भिंतीच्या सांध्यांतून काळ्या तारेसारख्या देठांचीं, नाजूक हिरव्या पानांचीं रोपें लोंबतांना दिसतात. त्यांस हंसराज म्हणतात. त्यांस फूल येत नाहीं, फळ येत नाहीं, बीं धरत नाहीं. गुरेंही त्यांकडे ढुंकून पाहत नाहींत. अशा वनस्पतींच्या मोठ्या समूहास शास्त्रीय मराठींत नेचे असें नांव आहे. ज्या बांधावर, ओढ्याकांठीं किंवा खडकाळ तुकड्यांत ते उगवतात त्या जमिनीची नोंद महसुली दप्तरांत बहुधा 'पोटखराब' अशी होते. तशा नोंदी करण्यांत आमचें आयुष्य गेलें. परंतु त्या रकान्यांतील जमिनीवर काय उगवतें हें विचारण्याचें कारण आम्हांस कधीं पडलें नाहीं. याच पोटखराबांतील वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांस जगांत मोठमोठे मान मिळालेले आहेत, आणि त्यांच्या कामाचा एक धागा आतां कापसाच्या शेतापर्यंत येऊन पोंचला आहे. म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

नेच्याचें पान उलटें करून पाहिल्यास पाठीवर तपकिरी ठिपके किंवा रेघा आढळतात. कित्येकांस तो तांबेऱ्यासारखा रोग वाटतो. वस्तुतः त्या बीजाणूंच्या पिशव्या होत. बीजाणु धुळीहून बारीक असतो व वाऱ्यानें दूरवर जातो. परंतु त्यापासून एकदम नेचा उगवत नाहीं. ओल्या जागीं पडल्यावर त्यापासून नखाएवढें, पापुद्र्यासारखें, बदामाच्या आकाराचें एक हिरवें अंग तयार होतें. त्या अंगावर नर व मादी अशीं दोन्ही इंद्रियें असतात, आणि नरपेशी पाण्याच्या पातळ थरांतून पोहत जाऊन मादीपेशीशीं मिळते. त्या संयोगापासून पुढें खरा नेचा वाढतो. म्हणजे या वनस्पतीस एकाआड एक असे दोन जन्म आहेत, आणि त्यांपैकीं एका जन्मीं ओल नसेल तर वंशच खुंटतो. बारवेची भिंत त्यास प्रिय कां, हें यावरून ध्यानांत येईल.

नेच्याप्रमाणेंच शेवाळापासून देवदारापर्यंत सर्वांच्या आयुष्यांत असे दोन जन्म आळीपाळीनें येतात, हें जर्मनींतील विल्हेल्म होफमाइस्टर यानें १८५१ सालीं दाखवून दिलें. हा गृहस्थ लाइप्झिग शहरांत पुस्तकांचा व संगीताच्या प्रतींचा व्यापार करीत असे. विद्यापीठाची पायरी तो विद्यार्थी म्हणून कधींच चढला नव्हता. तरीही १८६३ सालीं हायडेलबर्गच्या विद्यापीठानें त्यास प्राध्यापकाची जागा दिली. आमच्या मतें विद्येची अशी कदर विरळा.

आतां आपल्या काळ्या मातीकडे वळूं. नांदेड व लातूर या जिल्ह्यांची बहुतेक जमीन ज्या काळ्या दगडापासून झाली, तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून वाहिलेला लाव्हारस होय. हा रस एकदांच आला नाहीं. एक थर निवाला म्हणजे पुष्कळ काळ शांततेचा जाई. खोलगट जागीं तळीं सांचत, झाडेंझुडपें उगवत. मग दुसरा थर येऊन सर्व झांकून टाकी. त्या तळ्यांचा गाळ कांहीं ठिकाणीं गारगोटीसारखा घट्ट होऊन त्यांतील वनस्पति पेशीन् पेशी टिकून राहिल्या आहेत. अशीं प्रसिद्ध स्थळें नागपुराच्या उत्तरेस, २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यांत असलेल्या सौंसर व मोहगाव कलां येथें, म्हणजे मराठी बोलल्या जाणाऱ्या मुलखांतच आहेत.

त्या दगडांचा अभ्यास प्राध्यापक बिरबल साहनी यांनीं केला. त्यांच्या अगदीं पहिल्या कामांत नेफ्रोलेपिस नांवाच्या नेच्याच्या रचनेचा अभ्यास होता, आणि पुढेंही प्राचीन नेच्यांच्या खोडांवर त्यांनीं पुष्कळ लिहिलें. १९३६ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस आपलें सभासद करून घेतलें. सौंसरच्या गारगोटींत त्यांस व त्यांचे सहकारी राव यांस पाण्यावर तरंगणारा एक नेचा सांपडला, तो आपल्या ॲझोलाचाच भाऊबंद. मोहगावच्या दगडांतील दुसऱ्या एका पाणनेच्यास त्यांनीं १९४३ सालीं 'रोडेआइटीस' असें नांव दिलें. तें भूगर्भशास्त्रज्ञ रोडे यांच्या नांवावरून. पदक कपाटांत राहतें. दगडांतल्या वनस्पतीस दिलेलें नांव मात्र जगांतल्या प्रत्येक ग्रंथांत जातें. साहनींच्या हयातींत त्यांच्या संस्थेच्या इमारतीची कोनशिला लखनौ येथें ३ एप्रिल १९४९ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें बसविली गेली, आणि अवघ्या एका आठवड्यानें, १० एप्रिलला, साहनी वारले.

रोडेआइटीस ज्या कुळांतला, त्याच कुळांतली चार पाकळ्यांसारख्या पानांची एक वनस्पति आपल्या तळ्यांच्या व भातखाचरांच्या चिखलांत उगवते. तिची कठीण, वाटोळी बीजाणुपेटी तळें आटल्यावरही कित्येक वर्षें कोरड्या गाळांत जिवंत राहते आणि पाणी मिळतांच फुगून उघडते. पुणें विद्यापीठाचे प्राध्यापक त्र्यंबक शंकर महाबळे यांनीं या कुळांतील आजच्या व अश्मीभूत जातींच्या बीजाणुपेट्यांची तुलना करून १९५६ सालीं निबंध प्रसिद्ध केला.

ॲझोलाचें नांव निघालेंच आहे, तर त्याविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे, कारण त्याच्या स्तुतीनें आजकाल फार जोर धरला आहे. याच्या पानांतील पोकळींत एक निळसर जीवाणु राहतो व हवेंतील नत्र पकडून त्यास पुरवितो. हा भाडेकरू पिढ्यान् पिढ्या बीजाणूंबरोबरच पुढें जातो. २०१८ सालीं ॲझोला व त्याचा सोबती सॅल्विनिया यांची संपूर्ण जनुकरचना वाचून प्रसिद्ध झाली. नेच्यांत तोंवर असें काम झालेलें नव्हतें. भाताच्या चिखलांत खत म्हणून ॲझोला उत्तम, यांत वाद नाहीं. परंतु दुभत्या जनावरांच्या खाद्याचा हिशेब ज्याचा त्यानें करून पाहावा. रोज दोन किलो हिरवा ॲझोला घातला, तर त्यांत शेंकडा त्र्याण्णव-चौऱ्याण्णव भाग पाणी. राहिला कोरडा माल सुमारें सव्वाशें ग्रॅम. त्याचा चौथा हिस्सा प्रथिन धरलें तर तीस ग्रॅम. एवढें प्रथिन सुमारें दीडशें ग्रॅम सरकी पेंडेंत मिळतें. पेंड मोफत नाहीं हें खरें. पण पाणी तरी कोठें मोफत आहे? ज्या लातुरास २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें, तेथें मे महिन्यांत खड्डा भरून ठेवावयाचा कीं गुरांस पाजावयाचें, हें ज्याच्या विहिरींत जें असेल त्यावर ठरेल.

अमेरिकेंतील वनस्पतिशास्त्रज्ञांच्या संस्थेंत नेच्यांवरील उत्तम निबंधास एडगर व्हेरी यांच्या नांवाचें पारितोषिक देतात. व्हेरी हे (१८८५–१९८२) मूळचे खनिजशास्त्रज्ञ. मातीची आंबटता रंगीत द्रव्यांनीं जागच्या जागीं तपासण्याची रीत त्यांनीं बसविली आणि कोणता नेचा आंबट मातींत, कोणता चुनखडीच्या मातींत वाढतो हें रानांत हिंडून नोंदलें. ज्यांनीं मातीचा सामू तपासून घेतला आहे, त्यांस या कामाचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

आतां कापसाकडे. २००२ पासून आपल्याकडे आलेलें बीटी बियाणें अळीसाठीं आहे. रस शोषणाऱ्या पांढऱ्या माशीस त्याचें कांहींच वाटत नाहीं. २०१५ सालीं पंजाबांत याच माशीनें कापसाची दैना केली, आणि २०२३ सालीं मराठवाड्यांत सोयाबीनवर जो पिवळा मोझॅक पडला तो पसरविणारीही हीच माशी. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पति संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं असा विचार केला कीं, नेच्यांस कीड फार थोडी लागते, तर त्यांच्यांत कांहीं औषध असले पाहिजे. अनेक नेच्यांचे अर्क माशीस चारून पाहतां, सह्याद्रींत व हिमालयांतही आढळणाऱ्या टेक्टारिया नांवाच्या नेच्यांत माशीस मारणारें एक प्रथिन सांपडलें. त्याचें जनुक कापसांत घातलें. पानांतील विद्राव्य प्रथिनांच्या केवळ दहाहजारावा हिस्सा हें प्रथिन असतांही बंदिस्त प्रयोगक्षेत्रांत तीं झाडें माशीपासून वांचलीं, माशीनें पसरणारा पानें मुरडण्याचा विषाणुरोगही त्यांस झाला नाहीं, आणि उत्पन्नांत घट आढळली नाहीं. उंदरांस चारून पाहतां अपाय दिसला नाहीं. हा निबंध २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें २०१८ च्या त्या जनुकवाचनावरून असें दिसलें कीं, हें जनुक नेच्यांनीं मूळ जीवाणूंकडून उचललेलें असावें.

हा प्रयोग कापसावरचा आहे, सोयाबीनवरचा नव्हे; आणि असें बियाणें अद्याप विक्रीस आलेलें नाहीं. तेव्हां 'नेच्याचें बियाणें' म्हणून कोणी पिशवी विकूं लागल्यास ती घेऊं नये. ज्या दिवशीं खरें येईल, त्या दिवशीं विद्यापीठाच्या नांदेड येथील कापूस संशोधन केंद्रांत चौकशी करतां येईल. 'नांदेड ४४' हें संकरित वाण तेथीलच.

जो नेचा लखनौकरांच्या उपयोगीं पडला, त्याच्यासारखे दुसरे आपल्या किनवट-माहूरच्या ओढ्यांत किंवा बारवांच्या भिंतींत काय घेऊन बसले आहेत हें अजून तपासावयाचें आहे. पण बारवा बुजविल्या व बांधांवर तणनाशक मारलें म्हणजे तपासावयास कांहीं उरणार नाहीं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानें प्रत्येक गांवीं समिति व लोकांची नोंदवही ठेवण्याची तरतूद केली आहे, आणि गांवच्या वनस्पतीपासून कोणी व्यापारी लाभ मिळविल्यास त्यांत वांटा मागण्याचा मार्गही त्याच कायद्यांत आहे. आपल्या बारवेंतला हंसराज त्या नोंदवहींत चढला आहे कीं नाहीं, हें ग्रामपंचायतींत जाऊन पाहतां येतें.