ओरखडा गृहीत धरणारी चकती

बुलढाणा जिल्ह्यात कित्येक घरांच्या कपाटात लग्नाच्या शूटिंगची डीव्हीडी अजून जपलेली असते. घाटाखालच्या मलकापूर-शेगावचा उन्हाळा, पोरांच्या बोटांचे ठसे, धूळ, एवढं सोसूनही ती बरेचदा चालते. कारण ओरखडा पडणारच, हे धरूनच तिची घडण झालेली असते.

हे तंत्र आधी सीडीत आलं. फिलिप्स आणि सोनी यांची सीडी 1982 मध्ये बाजारात आली. तिच्यावर माहितीची एकच सर्पिल वेढ्यांची रेघ आतून बाहेर जाते. दोन वेढ्यांत अंतर 1.6 मायक्रॉन. इतक्या बारीक कामात कोऱ्या चकतीवरही वाचनाच्या चुका होतातच. त्यावरचा इलाज अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांच्या 1960 सालच्या गणितात आहे. दर 24 बाइटांमागे ताळ्याचे 8 बाइट जादा लिहायचे. थोडे बाइट बिघडले, तर उरलेल्यांवरून ते हिशोबाने परत काढता येतात.

पण ओरखडा सलग शेकडो बाइट खातो. म्हणून एका गटातले बाइट शेजारी-शेजारी लिहीतच नाहीत, शंभराहून जास्त चौकटींत, म्हणजे रेघेवरच्या लहान तुकड्यांत, विखुरतात. घरातलं सगळं बी एकाच वावरात न पेरण्यासारखंच हे. एका वावरावर गारपीट झाली म्हणून हंगाम बुडत नाही. वाचताना बाइट पुन्हा जुळवले की मोठा घाव अनेक गटांत वाटला जातो. रेघेवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा घाव अशाने पूर्ण भरून निघतो.

गाण्याच्या सीडीत त्यापलीकडे गेलेला सूर मागच्या-पुढच्या आवाजावरून अंदाजाने भरता येतो. सातबाराच्या आकड्यात अंदाज चालत नाही. म्हणून माहितीच्या सीडीत 2352 बाइटांच्या खणात 2048 बाइटच कामाचे. 276 बाइट दुरुस्तीच्या दुसऱ्या फळीचे. पुन्हा-पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-रॅममध्ये तर खराब खणांची यादी चकतीवरच असते आणि त्यांची माहिती राखीव खणांत जाते.

पुसायचं कसं, तेही यातूनच कळतं. कापड मधून कडेकडे सरळ न्यावं. गोल फिरवल्यास ओरखडा रेघेच्याच दिशेने लांबतो. सीडीची छापील बाजू जास्त नाजूक, कारण चकाकता थर तिच्याच लगेच खाली असतो.

चहाच्या टपरीवरचा डागाळलेला क्यूआर कोड याच गणितावर वाचला जातो. मात्र दुरुस्ती गुपचूप चालते, त्यामुळे राखीव ताकद किती उरली ते पाहणाऱ्याला दिसत नाही. डीव्हीडी अटकायला लागली, म्हणजे ती ताकद संपत आली. प्रत काढायची ती बिनतक्रार चालते आहे तोवरच.