विंगेतला माणूस

नाटकावरून चित्रपट निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘नाटक मोकळं केलंय का?’ गेली चाळीस वर्षं मी हा प्रश्न ऐकतो आहे आणि दर वेळी तितकाच चिडतो. मोकळं करायचं म्हणजे काय, तर दिवाणखान्यातली माणसं गच्चीवर न्यायची, एक गाणं घाटात टाकायचं आणि नाटकात ज्याचा नुसता उल्लेख आहे तो प्रसंग सरळ दाखवून टाकायचा. माझं भांडण या शेवटच्या गोष्टीशी आहे. चांगलं नाटक जेवढं रंगमंचावर असतं तेवढंच विंगेत असतं. ती विंगेतली बाजू उजेडात ओढली की नाटक मोकळं होत नाही, रिकामं होतं.

बोलपटाच्या सुरुवातीच्या वर्षांवर मी रेंगाळणार नाही. संगीत नाटकाला उतरती कळा लागली, गायक नट आणि त्यांचे साथीदार स्टुडिओत गेले आणि कॅमेरा पहिल्या रांगेत खुर्ची पकडल्यासारखा बसून राहिला. पुढे हिंदीवाल्यांनी आपली कथानकं उचलली. कानेटकरांच्या ‘अश्रूंची झाली फुले’चा १९६९ मध्ये अशोककुमार यांना घेऊन ‘आंसू बन गए फूल’ झाला. चित्रपट चालला, पण माझ्या विषयाला त्यात फारसं काही नाही.

माझा विषय सुरू होतो १९७१ मध्ये. सत्यदेव दुबेंनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पडद्यावर आणलं. पटकथा तेंडुलकरांचीच, आणि कॅमेरामन म्हणून गोविंद निहलानींचा हा पहिलाच चित्रपट. सुलभाताई देशपांडेंची बेणारे मी आधी रंगमंचावर पाहिली होती, नवव्या रांगेतून. शेवटच्या स्वगतात बाकीची पात्रं जागच्या जागी थिजतात आणि ती एकटी बोलत राहते, तेव्हा थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नव्हतं. पण नवव्या रांगेतून डोळे दिसत नाहीत. ते मला पडद्यावर दिसले. आमच्या गावच्या फिल्म सोसायटीने शाळेच्या हॉलमध्ये हा चित्रपट लावला होता. खिडक्यांना सतरंज्या बांधल्या होत्या, रीळ बदलताना दिवे लावावे लागत. दिवे लागले की आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो, कारण त्या खोट्या खटल्यात आपणही बसलो होतो असं प्रत्येकाला वाटत होतं. सिनेमाने नाटकाला काय द्यावं, तर हे : खोली तीच, माणसं तीच, फक्त आपण जवळ आलेलो. आणि ज्याच्यामुळे हे सगळं घडलं तो प्रोफेसर दामले नाटकात शेवटपर्यंत येतच नाही, हे विसरू नका. तो आला असता तर बेणारेचं दुःख एका पुरुषाच्या तोंडावर संपलं असतं. तो न आल्यामुळे ते आपल्या सगळ्यांवर येऊन पडतं.

महेश एलकुंचवारांच्या ‘पार्टी’तही असाच एक न येणारा माणूस आहे. अमृत हा कवी आदिवासींमध्ये काम करायला निघून गेलेला आणि इथे दमयंती राणेंच्या घरी दिवाकर बर्वेंच्या सन्मानाची पार्टी रंगलेली. रात्रभर सगळे त्याच्याविषयी बोलतात. निहलानींनी १९८४ मध्ये या नाटकाचा चित्रपट केला. दमयंतीबाई झाल्या विजयाबाई मेहता, बर्वे झाले मनोहर सिंग, मोहिनी रोहिणी हट्टंगडी. घराबाहेर पडायची घाई कॅमेऱ्याला नाही. तो या घोळक्यातून त्या घोळक्यात फिरतो, हातातल्या ग्लासांमधून माणसांचे चेहरे वाचतो. बंद घरात सिनेमा गुदमरतो असं मानणाऱ्यांनी हा चित्रपट पुन्हा एकदा नीट पाहावा.

आणि तरीही या चित्रपटाशी माझं एक भांडण आहेच. शेवटी अमृत दिसतो. नसीरुद्दीन शाह, रक्ताने माखलेला. तिथेच म्हणे नाटकाचा सिनेमा होतो, असं एका परिसंवादात एका विद्वान गृहस्थांनी ठासून सांगितलं होतं. मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. दोन तास प्रत्येकाने आपापला अमृत मनात घडवलेला असतो. तो एका चेहऱ्यात कोंडला की आपली अपराधी भावना त्या चेहऱ्यावर सोपवून आपण घरी जायला मोकळे होतो.

विजयाबाईंनी रंगमंचावर बसवलेलं दळवींचं ‘बॅरिस्टर’ त्यांनीच १९८६ मध्ये ‘रावसाहेब’ म्हणून पडद्यावर नेलं. नाटकातले विक्रम गोखले आणि चित्रपटातले अनुपम खेर अशी तुलना मी करणार नाही. सुधारणेच्या गोष्टी करणारा आणि ऐन वेळी पाय मागे घेणारा तो माणूस दोघांनीही जिवंत केला. वाड्यातला अंधार बाईंना नाटकामुळे तळहातासारखा ठाऊक होता, ते प्रत्येक फ्रेममध्ये जाणवतं. पण ‘पार्टी’ काय आणि ‘रावसाहेब’ काय, दोन्ही हिंदीत! आपल्या दोन सर्वोत्तम खोल्यांमध्ये माणसं परक्या भाषेत बोलतात, हा सल माझ्या मनातून जात नाही.

तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’वरच्या १९७६ च्या चित्रपटाबद्दल एवढंच म्हणतो की रंगमंचावर ब्राह्मणांची ती माणसांची भिंत जे करायची ते काम सिनेमात कट करतो. भिंतीला मग कामच उरलं नाही.

अलीकडच्या ‘कट्यार काळजात घुसली’ने (२०१५) विशीतली मुलं नाट्यपदं गुणगुणायला लागली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण वसंतराव देशपांडे खाँसाहेब म्हणून उभे राहत तेव्हा तान आणि कपाळावरची शीर एकाच माणसाची असे. पडद्यावर चेहरा सचिन पिळगावकरांचा आणि गळा राहुल देशपांडेंचा. दोघेही गुणी, पण खाँसाहेबाचा अहंकार गळ्यातच असतो, तो वाटून देता येत नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘नटसम्राट’मध्ये विक्रम गोखल्यांचा रामभाऊ, अप्पांचा मित्र, नव्याने घातला आहे. इस्पितळातल्या प्रसंगात माझेही डोळे भरून आले. घरी येताना मात्र वाटलं, डॉ. लागूंचे अप्पा अंधारात बसलेल्या आमच्याशी बोलायचे. ती आमची जागा रामभाऊला दिली गेली.

आता तर वाडा म्हटलं की लोकेशन आणि शांतता म्हटली की पार्श्वसंगीत. नाटकाचं पुस्तक वाचण्याआधीच ड्रोन कुठून उडवायचा हे ठरतं. स्वगत म्हटलं की तरुण दिग्दर्शक घाबरतात, आणि त्यांना धीर देणारा निर्माता मला दिसत नाही.

रात्री झोप येत नाही तेव्हा मी मनातल्या मनात एलकुंचवारांच्याच ‘वाडा चिरेबंदी’चं चित्रण करतो. मराठीतच, वऱ्हाडी बोलीसकट. धरणगावच्या देशपांड्यांकडे तात्याजी नुकतेच गेलेले. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर. कॅमेरा ओसरीवरून हलत नाही. मुंबईहून आलेला सुधीर अंधारात त्या ट्रॅक्टरला ठेचकाळतो, ते आपल्याला फक्त ऐकू येतं. आतल्या खोलीतून म्हातारी आजी वेळ विचारते. ती दिसत नाही. कुणीतरी उत्तर देतं, आणि थोड्या वेळाने ती पुन्हा विचारते.